वही अजून का चालू आहे? वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन सिस्टीम घडवण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तालुक्यातल्या पतसंस्थेच्या 14 शाखांसाठी तुम्ही नवं सॉफ्टवेअर केलंत. शाखा व्यवस्थापकांबरोबर तीन बैठका झाल्या, रिक्वायरमेंटच्या कागदावर सह्या झाल्या, डेमो बघून सगळे ‘छान आहे’ म्हणाले. सॉफ्टवेअर सुरू होऊन आता दोन महिने झालेत, तरी काउंटरवरचे क्लार्क दिवसभर वहीत लिहितात आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की एकदम एंट्री मारतात. व्यवस्थापन म्हणतंय, वह्या काढून घ्या. आणि तुम्ही विचारताय की ‘युजरना डिझाइनमध्ये सामील करा’ असं जो तो सांगतो, पण म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय?

सगळ्यात आधी, वह्या काढून घेऊ नका. त्या वाचा. दोन महिने कटकट सोसून कुणी दुहेरी काम करतं, तेव्हा त्या वहीत असं काहीतरी असतं जे तुमच्या स्क्रीनवर नाही. ते काय आहे ते शोधलंत की निम्मं काम झालं.

हे मी एका दूध संस्थेत शिकले. साधारण 15 वर्षांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या संस्थेसाठी आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करत होतो. आम्हीही तुमच्यासारख्याच बैठका घेतल्या होत्या. चेअरमन, दोन-तीन संचालक, सचिव. सभासदाचा कोड, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दरपत्रकातून दर, दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात, सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. हिशेबात एका पैशाची चूक निघत नव्हती. महिनाभरानं गेले तर संगणक झाकून ठेवलेला आणि टेबलावर लाल पुठ्ठ्याची वही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी केंद्रावर जाऊन बसले. बाहेर अंधार, दारात किटल्या आणि बरण्या घेऊन रांग. सहा वाजून गेल्यावर जी गर्दी उसळली ती सातपर्यंत कमी झाली नाही, मिनिटाला तीन-चार माणसं. मापाडी दूध ओतून घेऊन आकडा पुकारतो, टेस्टर नमुना मशीनला लावून फॅट पुकारतो, सचिव लिहितो. सचिवांचा उजवा हात सारखा ओला, कारण मधूनच तेही किटली सरकवतात, नमुन्याची बाटली घेतात. त्या हातानं माऊस धरून, छोट्या यादीतून ‘गाय’ किंवा ‘म्हैस’ निवडून, मग ‘सेव्ह’वर क्लिक करायचं, अशी आमची स्क्रीन होती. एका सभासदामागे तीनदा हात माऊसवर जायचा. कार्यालयात डेमो देताना हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण कार्यालयात हात कोरडे असतात आणि मागे रांग नसते.

हे दुरुस्त करायला एक दुपार लागली. सगळी एंट्री अंकांच्या कीपॅडवर आणली: कोड, गायीला 1, म्हशीला 2, लिटर, फॅट, एंटर. सचिवांनी डाव्या हातानं करून बघितलं आणि म्हणाले, “आता जमंल.”

तरी वही गेली नाही. मग मी ती मागून घेतली आणि पानं उलटत बसले. काही नावांपुढे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं. कुठल्या पानावर दोन, कुठल्या पानावर पाच. सचिवांना विचारलं तर आधी “काय न्हाई, सहज” असं उत्तर आलं. चहा झाल्यावर सांगितलं. कुणी म्हणालं की आज फॅट कमी लागलं, मशीन चुकतंय, तर वाद घालायचा नाही. नावापुढे टिंब मारायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या दुधाचा नमुना दोनदा लावायचा. गावात चार घरांत भांडणं असतील, निवडणुकीत दोन पार्ट्या असतील, पण त्या टिंबामुळे संस्थेच्या मापावर कुणी बोट ठेवत नव्हतं. संस्थेवरचा विश्वास त्या पेन्सिलीच्या टिंबावर उभा होता, आणि आमच्या 40 पानांच्या कागदात त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही एक ‘फेरतपासणी’ची कळ दिली: ती दाबली की दुसऱ्या दिवशी तो कोड टाकताच स्क्रीनवर खूण दिसायची. त्यानंतरच्या पंधरवड्यात वही आपोआप बंद झाली.

ही गोष्ट इतकी लांबवून सांगितली, कारण वापरणाऱ्यांना सामील करण्याचा अर्थ मला तिथे कळला. सचिव आमच्या बैठकीला हजर होते. आम्ही त्यांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलंही होतं. त्यांनी टिंबाबद्दल सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती ‘माहिती’ नव्हतीच, हाताची सवय होती. रोजचं काम करणाऱ्या माणसाला स्वतःचं काम शब्दांत मांडता येईलच असं नाही. ते त्याच्या हातात असतं, आणि हात काम करत असतानाच दिसतं. म्हणून माझा पहिला नियम: बैठक नंतर, आधी तीन दिवस काउंटरशेजारी स्टूल टाकून बसायचं. गर्दीचा दिवस धरून. पतसंस्थेत बाजाराचा दिवस, महिनाअखेर, आणि मार्चचा शेवटचा आठवडा.

आता थोडं मागे जाते, कारण ही कल्पना आली कुठून हे माहीत असलं तर तिचा गाभा हातातून सुटत नाही. 1970 च्या सुमारास नॉर्वेत लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टेन न्यूगार्ड या संगणक शास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केलं. हे न्यूगार्ड म्हणजे ओले-योहान डाल यांच्यासोबत सिम्युला ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा घडवणारे. पुढे दोघांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वात मानाचा, मिळाला. कारखान्यांत संगणक येत होते, कामाचं नियोजन आणि देखरेख त्यांच्यातून होणार होती, आणि कामगारांना त्यात बोलायला जागा नव्हती. प्रकल्प सुरू झाला तेव्हा तज्ज्ञांनी अभ्यास करून अहवाल द्यायचा असा बेत होता. थोड्याच दिवसांत त्यांना कळलं की अशा अहवालानं काही हलणार नाही. मग त्यांनी पद्धतच बदलली: कारखान्या-कारखान्यातल्या कामगारांनी स्वतः अभ्यास करायचा, स्वतः मागण्या ठरवायच्या, आणि तज्ज्ञांनी त्यांना मदत करायची. यातून कंपन्यांशी करार झाले, आणि 1977 च्या नॉर्वेच्या कायद्यात अशा प्रणालींच्या आखणीत सहभागी होण्याचा कामगारांचा हक्क आला.

म्हणजे मुळात हा विषय हक्काचा होता. स्क्रीन सोपी करणं पुढचं. आपल्याकडे तो आला तेव्हा त्यातला हक्क गळून पडला आणि ‘युजर फीडबॅक’ तेवढा उरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मत विचारलं आणि निर्णय आपणच आधी घेऊन ठेवला असेल, तर समोरच्याला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. मग तो ‘ठीक आहे साहेब’ म्हणतो आणि आपली वही जपून ठेवतो.

त्याच परंपरेतला दुसरा प्रकल्प 1981 मध्ये सुरू झाला, नाव ‘युटोपिया’. वर्तमानपत्रांची पानं लावणारे छापखान्यातले कामगार आणि संशोधक मिळून पान लावायची संगणकीय साधनं कशी असावीत ते ठरवत होते. तेव्हा तसं यंत्र हाताशी नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याचे आणि प्लायवूडचे नमुने केले. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असं लिहून ते टेबलावर ठेवलं आणि कामगारांनी ते आहे असं धरून आपलं रोजचं काम करून बघितलं. यात शहाणपण असं की पुठ्ठ्याच्या खोक्याला कुणी घाबरत नाही. ते कापायला, सरकवायला, फेकून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तयार, रंगीत, चकचकीत स्क्रीन दाखवली की लोक फक्त रंगाबद्दल आणि अक्षरांच्या आकाराबद्दल बोलतात. बाकीचं ठरून गेलंय असं त्यांना वाटतं. मी आजही पहिल्या फेरीला लॅपटॉप नेत नाही. ए-फोर कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या स्क्रीन, कात्री, चिकटपट्टी. एक जण क्लार्क, एक जण खातेदार, मी संगणक. क्लार्कनं कागदावर बोट ठेवलं की मी पुढचा कागद ठेवते. अर्ध्या तासात पेन्सिल त्यांच्या हातात जाते, आणि ती जावी म्हणूनच हा खटाटोप.

दूध संस्थेत याच्या पुढची पायरी आमच्याकडून राहिली होती, ती सांगते. सचिव, मापाडी, टेस्टर यांना आम्ही युजर धरलं होतं. पण पावती कोण घेऊन जातं? केंद्रावर दूध घालणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. खातं नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, धारा काढणारी आणि वैरण घालणारी बाई. म्हैस आज कमी फॅट का देते हे तीच ओळखते, आणि त्यासाठी तिच्या हातात फक्त ती चिटोऱ्याएवढी पावती असते. तिच्यासाठी आमची सिस्टीम म्हणजे ती पावती. आणि बैठकीला एकही बाई नव्हती, कारण बैठक संध्याकाळी सातला संस्थेच्या वरच्या मजल्यावर होती, म्हणजे धारा आणि स्वयंपाकाची वेळ.

मग आम्ही दुपारी बारानंतर, पशुखाद्याच्या गोदामाच्या ओट्यावर बसलो. हाताने लिहिलेल्या तीन प्रकारच्या पावत्या केल्या आणि दहा दिवस, एक बिल पुरं होईपर्यंत, खरोखरच्या पावतीबरोबर दिल्या. दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत झालं: फॅटचा आकडा मोठा हवा, आणि कालच्या वेळेचं फॅट शेजारीच हवं, म्हणजे वाढलं की घटलं ते घरी जाताना कळतं. तिसऱ्या गोष्टीवर मात्र वाद झाला. तरुण सुनांना ॲडव्हान्सची बाकी रोज पावतीवर हवी होती, बिलाच्या दिवशी धक्का नको म्हणून. एक वयस्क आक्का ठाम नाही म्हणाल्या. “कधी पोरगं पावती आणतंय, कधी शेजारीण. आमचं किती देणं हाय ते गावानं कशाला वाचावं?” त्यांचं म्हणणं मला सुचणं शक्यच नव्हतं. शेवटी बाकी पावतीवर छापायची नाही, पण कोड सांगून सचिवांना विचारली तर ते स्क्रीनवर दाखवतील, असं त्या बायकांनीच ठरवलं. मी फक्त लिहून घेतलं.

यावरून दोन गोष्टी. एक, ‘युजर’ नावाचा एकच माणूस नसतो. क्लार्क, खातेदार, पिग्मी एजंट (रोज फिरून लोकांची छोटी बचत गोळा करणारे), तपासनीस यांची हितं वेगळी असतात आणि कधी एकमेकांच्या आड येतात. तो वाद उघड्यावर होऊ द्या. तुम्ही घाईनं मधला मार्ग काढलात की तो कुणाचाच राहत नाही. दुसरी, बैठकीची वेळ आणि जागा ठरवताना कोण येऊ शकेल हे तुम्ही नकळत ठरवून टाकता.

आता साहेबांसमोर कुणी बोलत नाही, याचं काय करायचं. तुमच्या तीन बैठका व्यवस्थापकांबरोबर झाल्या हे वाचूनच मला अंदाज आला. व्यवस्थापकाला सिस्टीमकडून अहवाल हवे असतात, क्लार्कला हातावेगळं होणारं काम हवं असतं. दोघं एका खोलीत असले की क्लार्क गप्प. म्हणून क्लार्कची फेरी वेगळी घ्या, त्यात व्यवस्थापक नको. कोण काय बोललं हे वर जाणार नाही असं सांगा आणि ते पाळा. आणि हा वेळ ड्युटीत धरला जाईल असं व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. दिवसभराचं काम उरकून, बस चुकवून कुणी तुमच्या कागदी स्क्रीनसमोर बसावं ही अपेक्षा चूक आहे. माझ्या अनुभवात सहभागाचे प्रयत्न फसतात ते बहुतेक इथे. पद्धत चुकल्यामुळे क्वचित.

वापरणाऱ्यांना बाहेर ठेवल्यावर काय होतं याचं सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचं. 26 ऑक्टोबर 1992 ला त्यांनी गाड्या पाठवण्याची संगणकीय प्रणाली एकदम सुरू केली. कुठली गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे का, हे तिला अचूक कळलं तरच ती चालणार होती. गाडीवरच्या माणसांनी ठरलेल्या क्रमानं बटणं दाबायची, ठरलेलीच गाडी घ्यायची. प्रत्यक्षात घाईत बटणं राहत, माणसं दुसरीच गाडी घेऊन निघत. प्रणालीला गाड्या सापडेनाशा झाल्या, एका ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, इशाऱ्यांची यादी इतकी लांबली की महत्त्वाचे इशारे स्क्रीनवरून वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी अर्धं काम हातानं सुरू करावं लागलं, आणि 4 नोव्हेंबरला प्रणाली बंदच पडली. 1993 च्या चौकशी अहवालात तांत्रिक दोष आहेतच, पण गाडीवरच्या आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांना विश्वासात न घेतल्याचाही ठपका आहे. पुढे त्याच सेवेनं 1996 मध्ये नवी प्रणाली आणली ती टप्प्याटप्प्यानं, नियंत्रण कक्षातल्या लोकांसमोर नमुने ठेवत, आधी फक्त कॉल घेण्याचा भाग.

इतक्या लांब जायची गरज नाही म्हणाल, तर ऑगस्ट 2021 आठवा. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोन बंद पडतात, तापतात, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. एखाद्या अंगणवाडीत एक सकाळ बसून बाळांची वजनं घेणारी सेविका बघितली असती, तर भाषेचा प्रश्न पहिल्या तासात कळला असता.

आपल्याकडे याचा चांगला नमुनाही आहे, आणि तो इथल्याच मातीतला आहे: सातबाऱ्याचं चावडी वाचन. हस्तलिखित सातबारे संगणकावर आणताना चुका राहणार हे उघड होतं. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. 2017 मध्ये गावोगाव चावडीवर संगणकीकृत सातबारे मोठ्यानं वाचून दाखवले गेले. क्षेत्र चुकलं, नाव गळलं, वारसाची नोंद राहिली, की समोर बसलेला खातेदार उठून सांगणार. सगळीकडे ते सारख्याच काळजीनं झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला स्क्रीन वाचता येत नाही, त्याला ऐकू येतं आणि आपली जमीन पाठ असते, हे ज्यांना सुचलं त्यांना डिझाइन कळलेलं होतं. तुमच्या पतसंस्थेतही जुन्या शिल्लक रकमा नव्या सिस्टीममध्ये आणल्या असतील. त्या खातेदारांसमोर कधी वाचल्या गेल्या का? सगळ्यांसमोर मोठ्यानं नव्हे, काउंटरवर एकेकाला. आक्कांचं म्हणणं इथेही लागू आहे.

वापरणारे सांगतील ते सगळं करायचं, असा याचा अर्थ घेऊ नका. क्लार्क मागतील की चुकलेली एंट्री पुसता आली पाहिजे. ती देऊ नका. त्याऐवजी चुकीची नोंद तशीच ठेवून ती फिरवणारी दुसरी, म्हणजे ‘उलट नोंद’, करायची सोय द्या आणि का ते समजावून सांगा: उद्या तफावत निघाली तर पुसलेल्या नोंदीचा संशय त्यांच्यावरच येईल. हे सांगितल्यावर माझ्याशी आजवर कुणी वाद घातलेला नाही. कायद्यानं आणि लेखापरीक्षणानं बांधलेलं काय आणि मोकळं काय, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन रकान्यांत लिहा. मोकळ्या रकान्यातलं खरोखर मोकळं असू द्या. आणि पहिली मागणी शक्यतो आठवड्याच्या आत पुरी करून दाखवा, ती कितीही लहान असली तरी. आपल्या बोलण्यानं स्क्रीन बदलली हे एकदा बघितल्यावर लोक दुसरी गोष्ट सांगतात, आणि खरी अडचण बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोष्टीत असते.

आता तुमच्या 14 शाखा. सगळ्या एकदम हातात घेऊ नका. एक गर्दीची आणि एक खेड्यातली, अशा दोन निवडा. व्यवस्थापनाला सांगा की सहा आठवडे वह्यांना हात लावायचा नाही. पहिला आठवडा फक्त बसायचं आणि वह्या वाचायच्या; क्लार्कच्या परवानगीनं, त्यांच्याच शेजारी. प्रत्येक खूण, समासातला आकडा, दुमडलेलं पान, वेगळ्या शाईतली ओळ यांची यादी करा आणि प्रत्येकीबद्दल विचारा. माझा अंदाज आहे की दोन गोष्टी सापडतील: लाइट किंवा नेट गेल्यावर झालेले व्यवहार मागच्या वेळेनं टाकायची सोय नसणं, आणि ‘हा माणूस सोमवारी येऊन भरतो’ अशा तोंडी ठरावांना जागा नसणं. अंदाज चुकला तर उत्तम, तुम्हाला काहीतरी नवं सापडलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कागदी स्क्रीन, पुढे त्या दोनच शाखांत बदललेलं सॉफ्टवेअर. बाकीच्या शाखांना शिकवायला तुम्ही जाऊ नका, या दोन शाखांतल्या क्लार्कना पाठवा, प्रवासभत्ता देऊन.

आणि एक संध्याकाळ पिग्मी एजंटबरोबर बाजारपेठेत फिरा. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही, पण संस्थेचा रोजचा पैसा त्यांच्या हातातून येतो. वडापावच्या गाडीवर, सलूनमध्ये, भाजीच्या पाटीजवळ एजंट 50 रुपये घेतो तेव्हा देणारा नेमकं काय बघतो: मशीनवरचा आकडा, पावती, मोबाइलवरचा मेसेज, की एजंटनं त्याच्या छोट्या पुस्तकात केलेली सही? मी पाहिलेल्या दोन गावांत लोक ते पुस्तकच बघायचे. तुमच्या गावात काय बघतात ते बघून या, मग पावतीच्या स्क्रीनबद्दल बोलू.